राजाच्या मागे बोलणारे

२०२५ च्या मार्च महिन्यात बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात रात्री-अपरात्री शेतं खणली जात होती. बॅटऱ्या, कुदळी, चाळण्या, कोणाकोणाकडे धातू शोधायचं यंत्रसुद्धा. संभाजीराजांवरचा ‘छावा’ हा हिंदी सिनेमा महिनाभर आधी, १४ फेब्रुवारीला, लागला होता आणि त्याची सुरुवातच मराठ्यांनी बऱ्हाणपुरावर घातलेल्या छाप्यानं होते. मोगलांचं सोनं इथंच कुठंतरी पुरलेलं असणार, असा तर्क गावोगाव पसरला आणि माणसं घराबाहेर पडली. पोलिसांना येऊन त्यांना हाकलावं लागलं.

दोंडाईच्यात बसून ही बातमी वाचताना ती परमुलखातली वाटत नाही. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या काळात आणि पुढे मोगलाईतही खानदेशची राजधानी तेच होतं. सुरतेच्या बंदरात उतरलेला माल नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असे मुक्काम करत बऱ्हाणपूरला पोचायचा. फ्रेंच जवाहिरा ताव्हेर्निये यानं ही वाट मुक्कामवार लिहून ठेवली आहे. दोंडाईचा नंदुरबार आणि थाळनेर यांच्या मधल्या टापूत येतं. सुरत–भुसावळ लोहमार्ग आजही साधारण त्याच दिशेनं तापीच्या खोऱ्यातून जातो. त्या काळी या वाटेवरचा सगळ्यात श्रीमंत बाजार म्हणजे बऱ्हाणपूर.

संभाजीराजांचा राज्याभिषेक १६ जानेवारी १६८१ ला झाला आणि पंधरा दिवसांच्या आत, जानेवारी संपता संपता, मराठी घोडी बऱ्हाणपुराच्या तटाबाहेरच्या बहादुरपुऱ्यात शिरली. मराठी परंपरेत या स्वारीचं श्रेय सरसेनापती हंबीरराव मोहित्यांना जातं. शहरात तेव्हा जिझिया वसूल करणारा काकरखान होता आणि त्याच्याकडची शिबंदी तुटपुंजी होती. बहादुरपुरा आणि आजूबाजूचे पुरे लुटले गेले. औरंगाबादेहून खानजहान बहादूर धावत आला, पण मराठे चोपड्याच्या वाटेनं साल्हेरकडे निघून गेले होते. मोगल इतिहासकार खाफीखान म्हणतो की खानजहाननं पैसे खाऊन मुद्दाम भलत्या बाजूला मोर्चा वळवला. पैसे खाल्ले की नाहीत हे ठरवणं अवघड आहे, पण अपयशी ठरलेल्या सरदारावर असा आळ येतो, एवढं यातून कळतं.

बऱ्हाणपूरकरांनी या लुटीनंतर बादशहाकडे अर्ज केला. आमचा जीव, अब्रू आणि माल सुरक्षित नसेल तर आम्ही शुक्रवारची सामुदायिक नमाज बंद करू, अशा आशयाचा तो होता. त्या वर्षाच्या अखेरीला औरंगजेब स्वतःच बऱ्हाणपुरात आला आणि पुन्हा कधी उत्तरेत परतला नाही. म्हणजे बऱ्हाणपूरच्या सावकाराच्या घरी संभाजी हे नाव आगीसोबत आणि पळापळीसोबत घेतलं जात असणार. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही, लुटलेल्या शहरानं लुटणाऱ्याला चांगलं म्हणावं अशी अपेक्षा कोणीच करत नाही.

आश्चर्य आहे ते पुढेच. ज्या मराठी मुलखासाठी ही लूट आली, त्या मुलखातल्या पुस्तकांनी आणि नाटकांनी पुढची दीड-दोनशे वर्षं याच राजाला व्यसनी, क्रूर आणि राज्य घालवणारा ठरवलं. आज मे महिन्यात १४ तारखेला गावागावांत ज्यांच्या जयंतीच्या मिरवणुका निघतात, त्यांच्याविषयी आपल्या आजोबांच्या शाळकरी वयातलं मत ऐकलं तर नातवंडांचा विश्वास बसणार नाही. राजा तोच आणि त्याच्या आयुष्यातल्या घटनाही त्याच. मग बदललं काय?

माझं म्हणणं असं आहे की राजाची कीर्ती त्याच्या कर्तृत्वावर जितकी ठरते, त्याहून जास्त त्याच्या मागे कोणाला बोलायचं कारण उरलं यावर ठरते. संभाजीराजांच्या बाबतीत ही कारणं एकेक करून दाखवता येतात.

पहिलं कारण वारशाचं. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला मुकर्रबखानानं संभाजीराजांना आणि कवी कलशाला पकडलं आणि ११ मार्चला त्यांना हालहाल करून मारण्यात आलं. त्यांच्या पत्नी येसूबाई आणि लहानगा मुलगा शाहू औरंगजेबाच्या हाती पडले. राज्य सांभाळलं राजारामांनी, तेही जिंजीत बसून. तिथंच १६९४ च्या सुमारास कृष्णाजी अनंत सभासदानं शिवछत्रपतींची बखर लिहिली. ती राजारामांसाठी लिहिलेली होती. याच राजारामांना १६८० मध्ये आईनं आणि मंत्र्यांनी गादीवर बसवलं होतं आणि संभाजीराजांनी बाजूला केलं होतं. अशा दरबारात थोरल्या भावाचं कौतुक कितपत होणार?

पुढे १७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहू सुटून आले आणि राजारामांच्या पत्नी ताराबाईंनी त्यांचा हक्क नाकारला. ताराबाईंचा युक्तिवाद मोठा नेमका होता. शिवछत्रपतींनी मिळवलेलं राज्य संभाजीराजांच्या काळात गेलं, आमच्या पतीनं ते नव्यानं मिळवलं, तेव्हा त्यावर संभाजीच्या मुलाचा हक्क कसा? संभाजीराजे नाकर्ते होते की नव्हते हा प्रश्न इथं गादीच्या दाव्यातला मुद्दा झाला. खेडच्या लढाईत शाहू जिंकले, पण दावा करताना बोललेलं वाक्य लढाई हरल्यानं पुसलं जात नाही. शाहूंनी मनावर घेतलं असतं तर वडिलांचं चरित्र लिहवून घेता आलं असतं. तसं मोठं चरित्र त्यांच्या दरबारातून आल्याचं दिसत नाही. आयुष्याची सतरा-अठरा वर्षं मोगल छावणीत काढलेल्या आणि सुटल्यावर औरंगजेबाच्या कबरीचं दर्शन घेतलेल्या शाहूंच्या मनात वडिलांविषयी काय होतं, याचा अंदाज मला तरी करता येत नाही.

दुसरं कारण सूडाचं, आणि ते जास्त प्रसिद्ध आहे. १६८१ मध्ये संभाजीराजांवर विषप्रयोगाचा कट उघडकीला आला. कटवाल्यांनी औरंगजेबाचा पळून आलेला मुलगा शहाजादा अकबर यालाही त्यात ओढायचा प्रयत्न केला होता. संभाजीराजांनी अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी चिटणीस आणि बाळाजींचा मुलगा यांना ठार मारलं. बाळाजी आवजी शिवछत्रपतींचे चिटणीस, त्यांच्या कागदांवर राज्याचं गाडं चालायचं. बाळाजींचा दुसरा मुलगा खंडो बल्लाळ मात्र संभाजीराजांच्या, मग राजारामांच्या आणि मग शाहूंच्या चाकरीत निष्ठेनं राहिला. याच घराण्यातल्या मल्हार रामराव चिटणिसांनी १८१० च्या सुमारास साताऱ्यात बखर लिहिली. घटनांना सव्वाशे वर्षं उलटून गेली होती, पण घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत पूर्वजाचं मरण जुनं होत नाही.

या बखरीतली एकच गोष्ट जवळून पाहू. संभाजीराजांनी रायगड ताब्यात घेतल्याबरोबर सावत्र आई सोयराबाईंना भिंतीत चिणून मारलं, अशी तिथं हकीकत आहे. महाराष्ट्रात ही कथा ज्यानं ऐकली नसेल असा माणूस सापडणं कठीण. रायगड ताब्यात आला १६८० च्या जूनमध्ये. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधलं संभाजीराजांचं एक संस्कृत दानपत्र उपलब्ध आहे, बाकरे शास्त्री यांना दिलेलं. त्यात सोयराबाईंचा उल्लेख निर्मळ मनाची राजमाता असा आदरानं केला आहे आणि दोष टाकला आहे तो कान भरणाऱ्या मंत्र्यांवर. सोयराबाईंचा मृत्यू झाला १६८१ च्या ऑक्टोबरात, म्हणजे रायगड घेतल्यावर सव्वा वर्षानं आणि कटवाल्यांना शिक्षा झाल्यावर काही आठवड्यांनी. तो कसा झाला यावर वाद घालता येईल. कटात नाव आल्यानं त्यांनी विष घेतलं, असं अनेक अभ्यासक मानतात. पण बखरीत सांगितलेल्या वेळी तो झाला नाही, हे तारखाच सांगतात. भिंत मात्र लोकांच्या मनात पक्की बांधली गेली.

मग आला ग्रँट डफ. साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या या अधिकाऱ्यानं १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. त्याच्या हाताशी दोन मोठी साधनं होती: चिटणिसांची बखर आणि खाफीखान. एकाचा पूर्वज संभाजीराजांनी मारलेला, दुसरा शत्रूच्या दरबारातला. दोघांचं एकमत झालेलं पाहून डफला ते खरं वाटलं असेल, तर त्याला फार दोष देता येत नाही, पण विरोधकांचं एकमत हा पुरावा नसतो. डफचं पुस्तक शाळांमध्ये गेलं, त्यावरून मराठी क्रमिक पुस्तकं झाली, आणि जी गोष्ट एका घराण्याची तक्रार होती ती इंग्रजीतून फिरून आल्यावर सर्वांचा इतिहास झाली.

रंगभूमीनं त्यावर रंग चढवला. राम गणेश गडकऱ्यांचं ‘राजसंन्यास’ १९१९ मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरं राहिलं, तरी त्यातला विलासी संभाजी रसिकांच्या डोक्यात घर करून बसला. औंधकरांचं ‘बेबंदशाही’ १९२४ चं. पन्हाळ्याच्या थोरातांच्या कमळेची दंतकथा तर सिनेमातही आली. रियासतकार सरदेसाई हे काही कोणाचा सूड उगवणारे लेखक नव्हते, आयुष्यभर कागद चाळलेले गृहस्थ, पण १९३५ च्या त्यांच्या खंडाचं नावच ‘उग्रप्रकृति संभाजी’ असं आहे. कवी कलशाचा तर ‘कलुषा’ करून टाकला होता. नावातच काळं फासलं की स्वभाव वेगळा सांगावा लागत नाही.

इंग्लंडात तिसऱ्या रिचर्डचं असंच झालं. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत तो मारला गेला आणि त्याला मारून गादीवर आलेल्या ट्यूडर घराण्याच्या काळात त्याचा कुबडा, पुतण्यांना मारणारा राक्षस झाला. शेक्सपिअरनं त्याला अमर केलं. २०१२ मध्ये लेस्टर शहरातल्या एका गाडीतळाखाली त्याचा सांगाडा सापडला. पाठीचा कणा खरोखर वाकडा होता, पण नाटकातल्याइतकं कुबड नव्हतं. पुतण्यांचं काय झालं ते हाडांनी सांगितलं नाही. त्याच्या बाजूनं भांडणारी संस्था मात्र १९२४ पासून तिथं काम करत होती, आणि तो गाडीतळ खणायचा आग्रहही तिच्यातल्याच लोकांचा.

बदनामीला वकील लागतो, तसा तो कीर्तीलाही लागतो. वकीलच नसलेला राजा कसा असतो, हे पाहायला आम्हांला लांब जावं लागत नाही. शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला तापीच्या काठी फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. बहुतेक चौकोनी, एक बहुकोनी, दगडात कोरलेली नक्षी अजून शाबूत. फिरोजशहा तुघलकाकडून हा मुलूख मिळवून मलिक राजानं चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथं राज्य सुरू केलं, त्याच्या मुलानं, नासिरखानानं असीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर वसवलं. दोनशे वर्षं हे घराणं खानदेशावर राज्य करत होतं. थाळनेरला जाणाऱ्यांपैकी किती जणांना त्यातल्या एकाचं तरी नाव माहीत असतं?

या घराण्यातला राजा अलीखान सांगण्यासारखा आहे. १५७६ ते १५९७ ही त्याची कारकीर्द. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत त्यानं अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख कोरवला आणि त्यात आपल्या घराण्याची वंशावळ संस्कृतात दिली. सिनेमातलं बऱ्हाणपूर पाहून तिथं जाणाऱ्यांनी निदान तेवढं तरी पाहून यावं. १५९७ मध्ये परभणीकडच्या सोनपेठ-आष्टी भागात मोगलांची दख्खनच्या सुलतानांशी लढाई झाली. राजा अलीखान मोगलांच्या बाजूनं लढत होता. अंधार पडल्यावर तो कुठं दिसेना. फितूर झाला, पळून गेला, असं ठरवून मोगल सैनिकांनी त्याचीच छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी रणांगणावर त्याचं प्रेत सापडलं, भोवती त्याच्याच मेलेल्या माणसांसह. एका रात्रीत फितुराचा शूर झाला आणि मानानं त्याची अंत्ययात्रा निघाली. मुलगा बहादूर याच्या मनातून मात्र ती लुटलेली छावणी गेली नाही. त्यानं मोगलांशी फटकून वागायला सुरुवात केली, बादशहा अकबरानं असीरगडाला वेढा घातला, आणि १६०१ च्या जानेवारीत फारुकी राज्य संपलं. पुढे राजा अलीखानाच्या नावानं भांडायला कोणीच उरलं नाही. खानदेशातल्या पाठ्यपुस्तकातही तो येत नाही, चांगला म्हणून नाही आणि वाईट म्हणूनही नाही.

संभाजीराजांना वकील मिळाला तो वा. सी. बेंद्रे यांच्या रूपानं. शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जाणारं एक चित्र भलत्याच माणसाचं आहे हे दाखवून डच संग्रहातलं खरं चित्र १९३३ मध्ये पुढे आणणारे हेच बेंद्रे. संभाजीराजांवर त्यांनी सुमारे चाळीस वर्षं कागद गोळा केले आणि १९६० मध्ये ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा जाडजूड ग्रंथ आणला. बखरीवर बखरीनं उत्तर द्यायचं नाही, तारीख लावायची, ही त्यांची रीत. त्यासाठी लागणारा एक कागद आधीच हाती आला होता: कारीच्या जेध्यांकडची शकावली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये छापून आणली. तिच्यात कौतुक नाही, निंदा नाही, फक्त अमुक महिन्यात अमुक झालं एवढ्या कोरड्या नोंदी. तिच्याशी बखर ताडून पाहिली की बखर कुठं घसरते ते दिसतं. इंग्रज वखारींची पत्रं, पोर्तुगीज कागद आणि मोगल अखबार यांनी बाकीची कसर भरून काढली.

या कामात धुळ्याचा वाटा आहे आणि तो खानदेशातल्याच लोकांना फारसा माहीत नसतो. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात गेले. १८९८ पासून बावीस खंडांत साधनं छापणारा, एकेका दप्तरासाठी गावोगाव पायपीट करणारा हा माणूस. त्यांचे कागद राखण्यासाठी पुढच्याच महिन्यात धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी संप्रदायाची कागदपत्रं मिळवून छापली. समर्थ रामदासांनी संभाजीराजांना लिहिलेलं उपदेशाचं पत्र सगळ्यांना ठाऊक असतं, आणि राजा बिघडलेला होता म्हणूनच समर्थांना लिहावं लागलं, असा त्याचा अर्थ वर्षानुवर्षं लावला गेला. देवांच्या संग्रहात संभाजीराजांच्या बाजूची पत्रंही आहेत, चाफळ-सज्जनगडच्या मठांच्या व्यवस्थेबद्दल त्यांनी आपल्या अंमलदारांना दिलेल्या ताकिदींची. एक पत्र तोंडपाठ आणि बाकीची दप्तरात, अशी स्थिती असली की कीर्तीचा तोल एका बाजूला झुकतो. संभाजीराजांच्या नावावरचा ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ भांडारकर संस्थेनं छापला, तेव्हा तर व्यसनी म्हणवणारा हा राजा राजनीतीवरचे श्लोक रचत होता हेही समोर आलं. व्यसनी माणूस श्लोक रचत नाही असं थोडंच आहे, पण चित्र एकरंगी नव्हतं हे तरी मान्य करावं लागलं.

१९६० नंतर वारं फिरलं ते नुसत्या कागदांनी नाही. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य झालं. बहुजन समाजातली पहिली-दुसरी शिकलेली पिढी वाचू-लिहू लागली आणि आपल्या राजाला नावं कोणी ठेवली, असा प्रश्न विचारू लागली. कमल गोखल्यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ चं. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनांतून लिहिलं. कानेटकरांनी १९६२ मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आणि १९६८ मध्ये ‘इथे ओशाळला मृत्यू’ ही नाटकं लिहिली. पहिल्यात काशिनाथ घाणेकरांचा संभाजी पाहून थिएटरं रडली. संशोधकाच्या ग्रंथाची हजार प्रत खपायला दशक लागतं, नाटकाच्या एका दौऱ्यात तेवढी माणसं एका आठवड्यात बघून जातात. आणि १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’ आली. तिनं काम पुरं केलं. कवी कलशाचं काळं पुसलं गेलं, येसूबाईंना आवाज मिळाला, आणि बेंद्र्यांचं नाव न ऐकलेल्या घरांत त्यांचं म्हणणं पोचलं. २०१७ पासून ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका रोज रात्री दिवाणखान्यात आली. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं.

गंमत अशी की राजा चांगला ठरल्यावरही वाद संपत नाही, चांगला कशासाठी हा वाद सुरू होतो. २०२२ च्या डिसेंबरात तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार विधानसभेत म्हणाले की संभाजी महाराजांना धर्मवीर म्हणू नये, ते स्वराज्यरक्षक होते. त्यावर राज्यभर आंदोलनं झाली. धर्मासाठी मरणारा राजा हवा असलेल्यांना एक संभाजी लागतो आणि स्वराज्यासाठी लढणारा हवा असलेल्यांना दुसरा.

इथं मला थोडी अस्वस्थता वाटते. जुन्या पुस्तकांनी राजाला एकही गुण ठेवला नव्हता, आता एकही दोष ठेवत नाहीत. १६७८ च्या डिसेंबरात एकवीस वर्षांचे संभाजीराजे दिलेरखानाला जाऊन मिळाले, हे घडलेलं आहे. त्यांच्या उपस्थितीत भूपाळगड पडला आणि पकडलेल्या शेकडो माणसांचे हात तोडले गेले. पुढे अथणीला मोगलांनी रयतेवर केलेल्या अत्याचारांना त्यांनी विरोध केला आणि वर्षभरानं ते तिथून निसटून परत आले. ही गोष्ट शिवछत्रपतींचाच गुप्त डाव होती, असं आता छातीठोकपणे सांगितलं जातं. पुरावा मागितला की माणसं चिडतात. माझ्या मते उलट, बापाशी बिनसून शत्रूकडे गेलेला, तिथली क्रूरता पाहून परतलेला आणि नंतर आठ-नऊ वर्षं औरंगजेब, पोर्तुगीज आणि सिद्दी यांच्याशी एकाच वेळी झुंजलेला तरुण हा त्या बेदाग पुतळ्यापेक्षा मोठा माणूस वाटतो. पण पुतळा हवा असलेल्यांशी वाद घालता येत नाही. २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा रातोरात उखडून नदीत टाकला गेला, तो जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या अपुऱ्या नाटकासाठी.

आणखी एक. राजा निर्दोष झाला की त्याच्या वाट्याचा दोष कोणीतरी उचलावा लागतो. आधी तो कलशानं उचलला होता. मग अण्णाजी दत्तो आणि मंत्री आले, आणि काही जणांनी त्याला जातीचा रंग दिला, जरी त्या भांडणात जातीनुसार बाजू कधीच पडल्या नव्हत्या. सोयराबाईंचे सख्खे भाऊ हंबीरराव मोहिते भाच्याला सोडून संभाजीराजांच्या बाजूनं उभे राहिले आणि ज्या कवी कलशानं राजाबरोबर मरण पत्करलं तो कनोजी ब्राह्मण होता. आता पाळी आली आहे गणोजी शिर्क्यांची. ‘छावा’ सिनेमात त्यांना आणि कान्होजींना फितूर दाखवलं, शिर्के घराण्यातले लोक पुरावा मागत पुढे आले, दिग्दर्शकानं माफी मागितली.

गणोजी म्हणजे येसूबाईंचे भाऊ आणि शिवछत्रपतींचे जावई. १६८८ च्या अखेरीला शिर्क्यांनी कवी कलशावर हल्ला केला, कलश विशाळगडाकडे पळाला आणि संभाजीराजे स्वतः येऊन शिर्क्यांशी लढले, एवढं जेधे शकावलीत आहे. त्यानंतर काही आठवड्यांनी संगमेश्वर झालं. मुकर्रबखानाला वाट कोणी दाखवली, यावर शकावली गप्प आहे. नऊ वर्षांनी, जिंजीच्या वेढ्यात राजाराम अडकले होते, तेव्हा हेच गणोजी मोगलांच्या सैन्यात होते आणि राजारामांना वेढ्यातून बाहेर काढायला त्यांनी मदत केली. मोबदल्यात त्यांनी दाभोळचं वतन मागितलं. ते वतन होतं खंडो बल्लाळ चिटणिसांचं, ज्यांच्या बापाला संभाजीराजांनी मारलं होतं. चिटणीस घराण्यात सांगतात की खंडो बल्लाळांनी क्षणाचाही विचार न करता ते लिहून दिलं.